खंडेनवमीचा पाना

विमानातून उतरताना लोक हवाई सुंदरीला थँक्यू म्हणतात. वैमानिकाने अलगद उतरवलं तर कोणी कोणी टाळ्याही वाजवतात. विमान दुरुस्त करणाऱ्याचं नाव कोणी काढत नाही, आणि काढलंच तर काहीतरी बिघडलं म्हणून. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. हैदराबादच्या एका हँगरमध्ये, म्हणजे विमानं उभी करायच्या अवाढव्य शेडमध्ये, मी अठरा वर्षं काम केलं. त्यातली शेवटची दहा वर्षं मी सह्या करायचो. माझी सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नसे. ती सही कसल्या माणसाची होती, ते आता सांगून टाकतो.

आमच्या धंद्यातला सगळ्यात कडक नियम इंजिनाचा नाही, हत्यारं मोजण्याचा आहे. प्रत्येक पेटीत जाड काळा फोम असतो आणि त्यात एकेका पान्याच्या आकाराची खाच. पेटी उघडली की मोजायचं, बंद करताना पुन्हा मोजायचं आणि सही करायची. एक खाच रिकामी दिसली की विमान जागेवर उभं. कारण विसरलेला पाना बाहेरून दिसत नाही. तो आत कुठल्यातरी कोपऱ्यात महिनोन्‌महिने पडून राहतो आणि एक दिवस हादऱ्याने सरकत सरकत नको तिथे जाऊन अडकतो. म्हणून प्रत्येक पान्यावर नंबर कोरलेला असतो, आणि पाना हँगरबाहेर नेणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी संपते. हे मी नव्या लोकांना दरवर्षी शिकवायचो. छान शिकवायचो.

आता मेडशीचं, म्हणजे वाशीमजवळच्या माझ्या गावाचं सांगतो, कारण घोळ तिथून सुरू झाला. म्हणजे माझ्यापासूनच सुरू झाला. उगाच गावावर ढकलायचं काम नाही.

माझे वडील बबनराव गावात पंपाची इंजिनं आणि मळणी यंत्रं दुरुस्त करायचे. आमच्या घरी खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातल्या प्रत्येकाचं हत्यार पाटावर मांडून त्याची पूजा होते. आजोबा सुतार होते, म्हणून त्यांचा लाकूड तासायचा वाकस पहिला. मग वडिलांचे पाने आणि हातोडा, आईचा विळा. बहीण निकिता वाशीमला नर्स झाली तेव्हापासून तिचं बीपी मोजायचं यंत्रही पाटावर आलं. वडील त्याला हळदीकुंकू लावायला लागले की ती "बाबा, काचेवर नका लावू!" म्हणून ओरडायची. माझ्या जागी मात्र सुपारी. घरचं माणूस पूजेला हजर नसलं की त्याच्या जागी सुपारी ठेवतात ना, तशी.

"तुह्या हत्याराच्या जागी कितीक साल सुपारी ठेवू, अमरदीप?" वडील फोनवर म्हणायचे. "इतकी मोठी नोकरी करून राह्यला, अन् हत्यार नाही? असं कसं?"

मी नियम सांगायचो, ते हं हं करायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच विचारायचे. एका वर्षी मी सिकंदराबादच्या बाजारातून चकचकीत पाना विकत घेऊन गेलो. वडिलांनी तो हातात धरला, त्यावरून अंगठा फिरवला आणि मला परत दिला.

"हा दुकानातला हाय. याले अजून तेल नाही लागलं. मले येडा समजतं का तू?"

सहा वर्षांपूर्वी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्यांचा फोन आला. "या साली तरी आन बापा. पुढच्या सालचं कोनं पाह्यलं?" ते ऐकून मी ठरवलं की नेऊच. वडिलांसाठी करतोय असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाही मिरवायचं होतं. गावात सगळे मला 'इमानवाला' म्हणायचे, आणि दाखवायला माझ्याकडे एक फोटो सोडला तर काही नव्हतं.

पेटी मुबश्शिरची होती. मुबश्शिर वाशीमचा. त्याचे वडील बदरुद्दीनचाचा लेथवर काम करायचे आणि माझे वडील पंपाचे शाफ्ट त्यांच्याकडूनच बनवून घ्यायचे. या पोराचा हात बघून मीच त्याला विमानाच्या कोर्सला घातलं, मीच हैदराबादला नेलं. त्याची आई मेहरबी स्टेशनवर माझा हात धरून म्हणाली होती, "तुमच्या भरवशावर पाठवून राह्यली, अमरदीपभाऊ." मी म्हटलं होतं, "काळजी नका करू." असलं बोलायला मी कायम पुढे.

त्या वर्षी हँगरला खंडेनवमी आणि दसरा अशी दोन दिवस सुट्टी होती. सत्तर सीटचं एक विमान अर्धवट उघडून ठेवलेलं होतं. अष्टमीच्या संध्याकाळी मुबश्शिरने हत्यारं मोजली, सही केली, पेटीला कुलूप लावलं आणि तो घरी गेला. दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. मी पेटी उघडली आणि खिशात मावेल असा एक पाना काढला. आमच्याकडे त्याला तीन सुती म्हणतात. नंबर दोनशे सतरा. माझा हिशोब साधा होता: दोन दिवस पेटी कोणी उघडणार नाही, तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी येईन आणि पाना खाचेत ठेवून देईन. फाटकावरचा चौकीदार मला साहेब म्हणायचा. साहेबाचे खिसे कोण तपासतो?

वडिलांनी पान्याचा वास घेतला. खरंच घेतला, नाकाजवळ धरून. "ह्याले म्हनते हत्यार," ते म्हणाले आणि स्वतःच्या हाताने सुपारी उचलून त्या जागी पाना ठेवला. मग शेजारच्या चार माणसांना बोलावून आणलं. ऑपरेशननंतर त्यांना एवढं खूश मी पाहिलं नव्हतं. मीही त्या दिवशी फार खूश होतो, आणि तेच आता आठवू नये असं वाटतं.

दसऱ्याच्या दुपारी मुबश्शिरचा फोन आला. विमान लवकर हवं म्हणून कंपनीने सकाळी काही लोकांना कामावर बोलावलं होतं, आणि त्यात तो होता.

"अमरदीपभाऊ, तीन सुती सापडून नाही राह्यला. दोनशे सतरा. सकाळी पेटी उघडतानी मी मोजलंच नाही, भाऊ. परवा मीच मोजून ठेवलं होतं, म्हनून. आता बंद करतानी पाह्यलं तं एक कमी. माह्या मांगून तुमी तं पेटी उघडली नाही ना?"

पाना माझ्यासमोर दोन हातांवर झेंडूच्या फुलांत होता. शेजारी वडील आपट्याची पानं निवडत बसले होते. मी फोनवर काय बोलतोय ते त्यांना ऐकू येत होतं. हो म्हणालो असतो तर नोकरी गेली असती, आणि वडिलांच्या देखत मी चोर ठरलो असतो. नोकरीपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली.

"नाही," मी म्हणालो. "मी कायले उघडू?"

तो म्हणाला, "मंग तो इमानातच राह्यला."

परत गेलो तेव्हा फाटकावर आत जाताना आणि बाहेर येताना प्रत्येकाचे खिसे तपासले जात होते, साहेबाचेसुद्धा. तसं होणार हे ओळखूनच पाना मी मेडशीला ठेवून आलो होतो. वडिलांना सांगितलं, कंपनीने मला बक्षीस दिलाय, राहू द्या. चार दिवस त्या विमानाचं एकेक झाकण उघडलं, आत कॅमेरे घालून कोपरा न् कोपरा पाहिला. मुबश्शिर त्या चार दिवसांत घरी गेला नाही. हातात बॅटरी घेऊन तो विमानाच्या पोटात आडवा पडून असायचा, आणि मी खाली उभा राहून त्याला धीर द्यायचो. शेवटी पाना विमानात नाही असं तीन जणांनी लिहून दिलं आणि विमान सोडलं. त्या तिघांत एक सही माझी. आणि पूर्ण खात्रीने सही करणारा तिघांत मी एकटाच होतो.

मुबश्शिरला तीन महिने कामावरून बाजूला ठेवलं. नंतर तो आठवडाभर आला आणि राजीनामा देऊन वाशीमला निघून गेला. पोराला अपमान सहन झाला नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःही त्यावर विश्वास ठेवला. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. त्याने शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकल्याचं निकिताकडून कळलं होतं. गाडीतून वाशीमला उतरल्यावर मी त्या रस्त्याने कधी गेलो नाही. लांबचा वळसा घालून स्टँड गाठायचो. सहा वर्षं हे चाललं.

यंदा चैत्रात वडील गेले. खंडेनवमीची पूजा आता मी करायची होती, म्हणून रजा काढून आलो. माझी आई पंचफुला एकेक हत्यार पुसून माझ्या हातात देत होती. वाकस झाला, पाने झाले, विळा झाला. निकिताचं यंत्र तिने स्वतःच ठेवलं. मग आईने माझ्या हातात सुपारी दिली.

"ही कायले? माहा पाना कुठी हाय?"

"तुह्या बापानं दोन सालापासून तो पूजेत ठेवलाच नाही," आई म्हणाली. "सुपारीच ठेवत."

ती आत गेली आणि पेटीतून एक तेलकट फडकं घेऊन आली, सुतळीने घट्ट बांधलेलं. वडील लोकांची हत्यारं परत करताना अशीच बांधून द्यायचे. दुसऱ्याचा पाना त्यांनी कधी दिवस मावळल्यावर घरात ठेवला नाही. त्यासाठी जेवणावरून उठून गेलेलं मी त्यांना पाहिलंय.

"म्हनत, वापरातलं हत्यार, वरून नंबर घातलेला, असं कोनी बक्षीस देत नसते. पोरानं कोनाचं तरी उचलून आनलं. ज्याचं त्याले गेलं पाह्यजे."

"मंग मले काहून नाही बोलले?"

"मी म्हटलं ना त्याइले, बोला म्हनून. तं म्हने, त्याचं त्याले समजू दे. नेईन तो." आईने फडकं माझ्या हातात ठेवलं. "नेशीन ना?"

दोन वर्षं ते माझी वाट पाहत होते. दर दिवाळीला मी आलो, दोन दिवस राहिलो, विमानाच्या गप्पा मारल्या आणि गेलो. ते समोर बसून ऐकायचे. त्यांच्यासमोर चोर ठरू नये म्हणून मी खोटं बोललो होतो, आणि त्यांनी ते ओळखलं होतं. पूजा तशीच टाकून मी मागच्या अंगणात जाऊन रडलो. रडून काय होतं, ते मलाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळच्या एसटीने वाशीमला गेलो. स्टँडवर उतरल्यावर आधी मोबाइलवर कंपनीला सगळं लिहिलं, काहीही न वगळता, आणि पाठवून दिलं. मी स्वतःला ओळखतो. ते पाठवलं नसतं तर कँटीनमध्ये चहा घेऊन मी पुढच्या गाडीने परत फिरलो असतो.

दुकान लहान होतं. समोर चार शिलाई मशीन, मागे पडदा, पडद्याआड घर. भिंतीवर पाट्या ठोकल्या होत्या आणि त्यावर प्रत्येक पान्याचा, पेचकसाचा आकार काळ्या रंगाने काढून त्यावर ते ते हत्यार टांगलेलं होतं. एकही जागा रिकामी नव्हती. मुबश्शिर पस्तिशीतच पिकलेला दिसत होता.

"या भाऊ, बसा," तो उठून म्हणाला. "बबनकाका गेले तवा मी आल्तो मेडशीले. तुमी तिसऱ्याच दिवशी वापस गेल्ते."

त्याची बायको सबिहा पडद्याआडून चहा ठेवून गेली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "इतका चांगला हात तुहा. शिलाई मशीन काहून निवडली?"

"याच्यातून कोनी खाली पडत नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. त्याने पाहिलं आणि तो मशीनला टेकवून समोर उभा करून ठेवला.

"उडालं," तो म्हणाला.

"काय उडालं?"

"तेच इमान." त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "तुमाले वाटत असन, कंपनीनं मले काढलं. नाही भाऊ. त्याइनं वापस बोलावलं. मी आठ दिवस गेलो बी. पन पेटीवर सही करायले हातच उठे ना. कागदावर लिहून देलं म्हनून पाना बाहीर येते का? तो कुठी तरी आत हाय, अन् वरून सत्तर मानसं बसून राह्यले. मोबाइलवर दिसते ते कुठी हाय ते. उडालं का वाजते, उतरलं का वाजते. दिवसातून पाच-सहा खेपा करते. कवा उशीर झाला तं सबिहाच्या बी घशाखाली घास जात नाही. एक डाव पावसानं दुसरीकडंच उतरलं, तं अम्मी रातभर जानमाज आंथरून दुआ मांगत बसून होती."

म्हणजे सहा वर्षं. रोज पाच-सहा वेळा. मला वाटत होतं, मी त्याची नोकरी घालवली. नोकरी फार लहान गोष्ट होती.

मी पिशवीतून फडकं काढून त्याच्यापुढे ठेवलं. सुतळी त्याला सुटेना, म्हणून त्याने भिंतीवरची कात्री घेऊन कापली आणि कात्री परत तिच्या जागी टांगली. मग फडकं उघडलं. त्याने पाना उलटा करून नंबर वाचला. पुन्हा वाचला. कोरलेल्या आकड्यांत जुनी हळद बसली होती, ती त्याने नखाने काढून बोटावर पाहिली. माझ्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

"सबिहा," त्याने हाक मारली, "मिल गया."

काय मिळालं, असं तिने विचारलं नाही. कणकेने भरलेल्या हातांनी ती तशीच बाहेर आली, पाना पाहिला आणि मशीनपुढच्या स्टुलावर मटकन बसली. ओढणी तोंडाला लावून ती रडू लागली. मुबश्शिर तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. खूप वेळाने तिने तोंड पुसलं आणि विचारलं, "कहाँ था?"

मुबश्शिरने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या घरी," मी म्हणालो. "खंडेनवमीच्या पूजेत."

"अन् मी फोन केल्ता तवा?" तो म्हणाला.

"समोरच होता."

मला वाटलं, तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"एकच शब्द लागत होता, भाऊ," तो म्हणाला. "मले एकट्याले सांगतलं असतं. मी कोनाले सांगत नव्हतो. तुमची नोकरी बी राह्यली असती." त्याचा आवाज चढलाही नाही. "तुमीच आनलं होतं मले तिथं. मी काय केलं असतं तुमचं?"

कंपनीला सगळं लिहून कळवलं, आता माझं लायसन जाईल, असं मी सांगितलं. ते सांगताना आपण काही मोठं केलंय असा सूर माझ्या आवाजात आला, आणि मला स्वतःचीच किळस आली.

"ते तुमचं तुमी पाहा," तो म्हणाला. त्याने पाना फडक्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "हा माहा नाही. कंपनीचा हाय. तिकडं नेऊन द्या."

मला जा असं कोणी म्हटलं नाही, आणि आपणहून उठायची हिंमत झाली नाही. चहावर साय धरली. बाहेर पोरं आपट्याची पानं वाटत फिरत होती. एकाने दुकानात येऊन तिघांच्याही हातावर सोनं ठेवलं आणि तो पळाला. आम्ही ती पानं तशीच हातात धरून बसलो. बराच वेळ गेल्यावर माझ्या लक्षात आलं की सबिहाची नजर मोबाइलवर आहे. मुबश्शिरचीही. पाना माझ्या मांडीवर होता, दोघांनी तो डोळ्यांनी पाहिला होता, तरी ते वाट पाहत होते. मग मीही मोबाइलकडे पाहत बसलो. नकाशावर ते एवढंसं विमान सरकत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली.

पाऊण तासाने मोबाइल वाजला.

"उतरलं," मुबश्शिर म्हणाला, आणि सबिहा कणीक मळायला आत गेली.